जुन्या काँक्रीटची खडी वापरली तर क्युरिंग कसं करावं?

तुम्ही विचारलंय की बोरिवलीतली जुनी इमारत पाडून निघालेल्या काँक्रीटची खडी आवारातल्या रस्त्याला वापरायची आहे, आणि कंत्राटदार म्हणतोय की क्युरिंगसाठी, म्हणजे ताजं काँक्रीट ओलं ठेवण्यासाठी, क्युरिंग कंपाउंड (ओल आत धरून ठेवणारं रसायन) फवारलं की पाणी मारायला नको. मी साइटवर काँक्रीटचंच काम बघतो. नुसत्या कंपाउंडवर अजिबात विसंबू नका.

या खडीला जुना सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि तो सच्छिद्र असतो. आपली काळ्या दगडाची खडी साधारण एक-दोन टक्के पाणी शोषते; ही चार-पाच टक्के सहज शोषते, कधी त्याहून बरंच जास्त. कोरडीच मिक्सरमध्ये टाकली तर मालातलं पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो आणि मग कोणीतरी पाइप सोडतो. त्या जादा पाण्याने गेलेली ताकद नंतर कितीही क्युरिंग केलं तरी परत येत नाही. म्हणून खडी आदल्या दिवशी भिजवा, निथळू द्या, मग वापरा. तिच्यात मुरलेलं पाणी पुढे सिमेंटला आतून मिळत राहतं. रस्त्याचा वरचा थर मात्र ऊन-वाऱ्याने सुकतोच, आणि टायरची झीज त्यालाच सोसायची असते. पृष्ठभाग आवळला की ओलं गोणपाट अंथरा किंवा कडेने मातीची आळी (छोटे बांध) करून पाणी साठवा. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) किमान १०. पीपीसीला शिफारस १४ दिवसांची आहे. मी या खडीला १४ च धरतो. पाऊस आहे म्हणून गोणपाट काढू नका, दोन सरींमधल्या उन्हात काँक्रीट सुकतं.

वाफेवरचं क्युरिंग कारखान्यातल्या ब्लॉकसाठी ठीक, तुमच्या कामाचं नाही.

खडीचं प्रमाणही तपासा. आयएस ३८३:२०१६ (खडी-वाळूचं मानक) नुसार अशी खडी बिनसळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच, तीही २० टक्क्यांपर्यंत चालते. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) किमान एम३० लागतं, म्हणजे तिथे ही खडी बसतच नाही. विटा-टाइल्स मिसळलेल्या राडारोड्याची खडी तर फक्त तळाच्या, एम१५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटला.

ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे नमुना-ठोकळे) भरताना काही जास्तीचे भरून घ्या आणि ते पाण्याच्या टाकीत न ठेवता रस्त्याशेजारी, त्याच गोणपाटाखाली ठेवायला सांगा. टाकीतल्या क्यूबवरून मालाची प्रत कळते. तुमच्या रस्त्याला क्युरिंग मिळालं की नाही हे शेजारच्या क्यूबवरूनच कळेल.