डिस्क मागवायच्या आधी

अरे, सिनेमाची नवीन ब्लू-रे डिस्क आली की लगेच ऑर्डर ठोकू नको. आधी डब्याच्या मागे रीजन बघ, म्हणजे ती डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. ब्लू-रेत भारत 'सी'मध्ये, डीव्हीडीत 5 मध्ये. नुसती 'ए'ची डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. परभणीत बसून मी पहिली तीच मागवली, वर्षभर कव्हर बघत बसलो! 4के डिस्कला रीजनची कटकट नसते, पण तिला 4के प्लेअरच लागतो.

दुसरी चूक म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत डबे आडवे रचणं. आपल्याकडचा मे माहितीये ना? सावलीत, उभे ठेव. पुसायचं तर मऊ फडक्यानं, मधून कडेकडे. गोल गोल नाही.

स्टीलबुकचं, म्हणजे धातूच्या डब्यातल्या खास आवृत्तीचं, नंतर बघू. सध्या आवडीचे चार सिनेमे घे, साध्याच आवृत्तीत.