सिमेंटच्या ओटल्यावरचे गंजाचे डाग कसे काढावेत? तेजाब चालेल का?

तेजाब नको. तुम्ही लिहिलंय की कूलरच्या स्टँडखाली डाग पडलेत, गच्चीच्या कठड्यावर तांबूस ओघळ आलाय आणि शेजाऱ्यांनी संडास धुवायचं ॲसिड सुचवलंय. ते वाचून मला राहवलं नाही. आमचा ओटला त्याच ॲसिडाने गेला.

इंदूरला लोकमान्य नगरात आमचं घर आहे. ओटला सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, १९७८ साली समोर उभं राहून करवून घेतला. त्याच साली शहरात नर्मदेचं पाणी आलं होतं. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून एक मूठ वाया जाऊ दिली नाही. ओल्या थरावर कोरडं सिमेंट भुरभुरून मिस्त्रीकडून थापीने घोटून घेतलं, मग पंधरा दिवस गोणपाट पसरून नाना स्वतः पाणी मारत होते. लग्न होऊन आले तेव्हा त्या ओटल्यावर रांगोळीची रेघ काचेवर काढल्यासारखी सरळ यायची. पायरीच्या कडेला नानांनी खिळ्याने '७८' कोरलंय.

आठेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात कूलर आत घेतला, तर चार कोपऱ्यांत चार काटकोनी डाग. स्टँड अँगलचं, पाय जसेच्या तसे उमटलेले, आणि एका पायापासून नालीपर्यंत विटकरी जीभ गेलेली. दोन दिवसांवर महालक्ष्म्या. गौरीची पावलं त्याच ओटल्यावरून आत यायची. माझे दीर आलेले होते. म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे." मी स्वयंपाकघरात होते, त्यांनी अख्खी बाटली ओतली. फसफसलं, डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघाला, डाग खरोखर गेला. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

विसर्जनानंतर ओटला झाडायला घेतला तर केराबरोबर वाळू येऊ लागली. घोटाईचा थर गेला होता, बोट फिरवलं की कानसीसारखं लागायचं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चार डागांच्या जागी हातभर पिवळट चट्टा पसरला. धुराने शेजारच्या लोखंडी जाळीच्या बिजागऱ्याही गंजल्या.

कारण सरळ आहे. सिमेंटमध्ये चुना असतो आणि हे ॲसिड गंजाआधी चुन्यावर तुटून पडतं. विरघळलेलं लोखंड मोकळ्या झालेल्या छिद्रांत उतरतं आणि वाळलं की तिथे पुन्हा गंज. हे मला शेजारच्यांची मोझेक फरशी घासायला आलेल्या पॉलिशवाल्याने सांगितलं. ओटला बघून तो म्हणाला, "भाभी, तेजाब तो सीमेंट खा गया।" त्याच्याच डब्यात ते औषध होतं: ऑक्झॅलिक ॲसिड. पॉलिशच्या शेवटच्या हाताला ते लोक वापरतात ती पांढरी पावडर. गंजाला ती धरून पाण्यात सोडवते, आणि सिमेंटला तेजाबासारखी खात नाही.

प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ग्रॅम. आधी ओटला साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे औषध खोल मुरत नाही. मग डागावर ओता, पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. जुन्या डागाला दोन-तीन हात लागतात. तारेचा ब्रश घेऊ नका, त्याचे लोखंडी कण रुततात आणि तेच नंतर गंजतात. डाग नुकताच पडला असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यानेही निघतो. ब्लीचिंग पावडर गंजावर चालत नाही, आणि कुठल्याही ॲसिडात ती मिसळली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

पण स्टँड तसंच ठेवून डाग घासणं म्हणजे गळता नळ ठेवून फरशी पुसणं. माझं भाऊजींशी भांडण ह्यावरच आहे. ते म्हणतात, टाइल्स लावा, कटकट मिटेल. टाइल्सच्या सांध्यांतही सिमेंटच असतं, तिथे गंज आणखी मुरतो. मी स्टँड खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर मारला, वर ऑइलपेंट, पायांना रबरी बूट घातले आणि कूलरची गळकी टाकी बदलली. सहा उन्हाळे झाले, नवा डाग नाही. चट्टा फिका झालाय, पण गेलेली घोटाई परत आलेली नाही, आणि नानांच्या ओटल्यावर मी टाइल्स लावणार नाही.

कठड्याचं वेगळं आहे. ओघळ भेगेतून येत असेल तर आतली सळई गंजतेय. गंजलं की लोखंड फुगतं आणि वरचं सिमेंट उडवतं. हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ वाजलं तर डाग काढत बसू नका, चांगला मिस्त्री किंवा इंजिनीअर बोलवा.

आणि हो, ऑक्झॅलिक विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, धुतलेलं पाणी तुळशीत जाऊ देऊ नका. ओटला लाल ऑक्साइडचा असेल तर आधी एका कोपऱ्यात लावून बघा, तो लाल रंग म्हणजे लोहाचंच ऑक्साइड, डागाबरोबर तोही फिका पडू शकतो.