खाऱ्या हवेतला घरचा सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मालवणात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचं काम साठून दोन टीबी झालंय. जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करून त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क मिरर करून, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा राहील अशा, बसवणार आहोत. मग वेगळा बॅकअप लागेल का?

उत्तर : लागेल. एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, एवढ्यासाठीच मिरर असतो. चुकून फोल्डर डिलीट झाला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं किंवा पॉवर सप्लाय बिघडून जादा व्होल्टेज आलं, तर दोन्ही डिस्क एकदमच हातच्या जातात. पैसे दोनच डिस्कचे असतील तर आमच्या मते मिरर करूच नका. एक सर्व्हरमध्ये बसवा, दुसरी यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा. तिसरी घेता आली की मग मिरर.

डेस्कटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅमचा असेल तर भरपूर झाला. ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका, उगाच वीज खातं. सिस्टीमसाठी १२० जीबीची स्वतंत्र एसएसडी घ्या आणि तिच्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही घरच्या सर्व्हरसाठीची सिस्टीम टाका. सरासरी ३० वॉट धरले तर महिन्याला साधारण २२ युनिट होतात. डिस्क घेताना दुकानदाराला 'सीएमआर आहे ना' हे विचारा आणि मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. सीएमआरमध्ये डेटाच्या रांगा शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये एकमेकींवर चढवलेल्या. एसएमआर डिस्क सलग मोठं लिखाण आलं की रखडते, आणि मिरर पुन्हा बांधायची वेळ आली की तासांचं काम दिवसांवर जातं.

फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) बीटीआरएफएस ठेवा, म्हणजे स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या फाइलींची जपलेली अवस्था, मिळतात. कालची बिघडलेली फाइल परवाच्या रूपात परत काढता येते. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, चालवा. मात्र एकट्या डिस्कवर स्क्रब फक्त 'ही फाइल खराब' एवढंच सांगतो. दुरुस्ती करायला दुसरी चांगली प्रत लागते. बॅकअपची डिस्क आठवड्यातून एकदा जोडा, रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं बॅकअप घ्या आणि लगेच काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क सर्व्हरसोबतच जळते.

प्रश्न : गुहागरला आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. घरात इन्व्हर्टर आहे, तरी वेगळा यूपीएस घ्यावा का?

उत्तर : घ्यावा. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर वळेपर्यंत पंखा चालत राहतो, पण संगणक बंद पडू शकतो. तुमच्या इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर तो वळायला कमी वेळ घेतो. पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगणं त्याला जमत नाही, आणि खरी गरज तीच आहे. ६०० व्हीएचा, यूएसबी पोर्ट असलेला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये यूपीएसवर लक्ष ठेवणारं नट नावाचं प्लगइन आहे. बॅटरीवर पाच मिनिटं गेली की सर्व्हर स्वतःहून बंद व्हावा असं त्यात लावा. त्याची खात्री कागदावर होत नाही, तेव्हा तीन महिन्यांनी एकदा यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटून पाहा. आतली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची असते, ती दोन-तीन वर्षांत बदलायची.

यूपीएसपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडे. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतंच उरतं. एप्रिलमध्ये मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावून बघा. दोन-तीन व्होल्ट ठीक. दहाच्या वर गेला तर खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला बोलवा. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, आणि गच्चीवरच्या किंवा आगरातल्या सीसीटीव्हीची केबलही स्विचमधून काढा. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. उघड्यावरून आलेल्या त्या तांब्याच्या तारेतून मात्र येते, आणि स्विचसकट सर्व्हरचं नेटवर्क कार्ड घेऊन जाते.

प्रश्न : रत्नागिरीत समुद्रापासून जवळ राहतो. पूर्वी सर्व्हरवर सेकंदाला ११० एमबीनं कॉपी व्हायची, आता ११ वर अडकते. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) १९९ नंबरचा आकडाही वाढतोय. डिस्क बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा गंज आहे.

१९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा. त्यात दोष केबलचा किंवा तिच्या टोकांचा असतो. सर्व्हर बंद करून प्लग काढा, साटा केबल (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी) काढा आणि टॉर्च मारून डिस्कचे पिवळे संपर्क पाहा. काळपट-हिरवट डाग दिसले तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पंधरा मिनिटं सुकू द्या आणि खटक्याची नवी केबल लावा. आकडा खाली येणार नाही, तो कधीच येत नाही. आजचा लिहून ठेवा; आठवड्यानं तेवढाच असेल तर काम झालं. ५, १९७ किंवा १९८ (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) यांपैकी काही वाढत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी बॅकअप घ्या, बाकीच्या चाचण्या नंतर.

आता वेगाचं. गिगाबिटला नेटवर्क केबलच्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. एका तारेचा संपर्क खाऱ्या दमटपणानं गेला की कार्ड मुकाट्यानं १०० वर उतरतं, आणि ११ एमबी हा नेमका तोच वेग आहे. दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे क्रिंप करा. कापलेली तार नखानं खरवडून आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. किनाऱ्यावर तिचा भरवसा नाही, पूर्ण केबल बदला.

सर्व्हर समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात गावाला जाताना महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा चालू असलेला बरा, कारण आतली उबेची हवा दमटपणा टिकू देत नाही. मीठ मिसळलेली धूळ हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून पंख्यापुढची जाळी महिन्याला साफ करायची. मागची रिकामी भोकं जाळीनं बंद करा. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरली तर तिच्याबरोबर सर्व्हरही जातो. बॅकअपची डिस्क रबरी रिंगेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेली थंड डिस्क तासभर पिशवीतच राहू द्या, नाहीतर आत पाणी सुटतं.

प्रश्न : रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) आणि पेनड्राइव्हवर भागेल का? (वेंगुर्ला)

उत्तर : पायवर भागेल, पेनड्राइव्हवर नाही. वेगळ्या वीजपुरवठ्याची यूएसबी डिस्क लावा.

प्रश्न : चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं, संगणकही. थोरली मुलगी पुण्यात असते. तिच्याकडे एक प्रत ठेवायची तर कशी?

उत्तर : पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. दोन टीबी २० मेगाबिट अपलोडनं जायला सलग सव्वानऊ दिवस लागतात. रेस्टिकचा बॅकअप इथेच डिस्कवर घ्या, डिस्क हातानं पुण्याला न्या आणि मुलीकडच्या लहान संगणकाला जोडा. पुढे रोजचा फरक तेवढा जाईल. घरगुती जोडण्यांना बहुधा सार्वजनिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा नेटवरचा पत्ता) मिळत नाही, म्हणून दोन्हीकडे टेलस्केल हा दोन संगणक खाजगीपणे जोडणारा प्रोग्रॅम टाका. राउटरमध्ये ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) उघडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून लेकीकडे द्या. तो हरवला तर बॅकअप कोणालाही उघडता येत नाही. तीन महिन्यांनी एखादा फोल्डर परत उतरवून फोटो उघडतात का ते पाहा.

फक्त ऑनलाइन प्रतीवरही विसंबू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज आणि नेटवर्क नव्हतं. सातबारा, विमा, बँकेचे कागद एका लहान डिस्कवर वरच्या मजल्यावर असू द्या. सर्व्हरही तिथेच न्या.

आणि डिस्क पुन्हा कधी पाण्यात गेलीच तर ती चालू करून बघू नका, उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. आतला गाळ वाळला की प्लॅटरला (डेटा असलेल्या चकतीला) चिकटतो. ओलीच हवाबंद पिशवीत घाला आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा.