पॅलिओ चॅलेंजआधी गोळ्यांची यादी काढा

तीस दिवसांच्या पॅलिओ चॅलेंजबद्दलचे, म्हणजे अश्मयुगातल्या माणसांसारखं खाऊन पाहण्याबद्दलचे, प्रश्न थांबत नाहीत. नियम बहुतेक सगळीकडे सारखेच असतात. धान्यं, डाळी-कडधान्यं, दूध आणि दुधाचे पदार्थ, साखर, पाकिटबंद खाणं बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालू. जेवण घरी रांधायचं आणि रोज व्यायाम करायचा. यातलं घरी रांधणं आणि घाम गाळणं मला मनापासून पटतं. गोंधळ बाकीच्या नियमांत आहे, आणि त्याहून जास्त त्या नियमांभोवती फिरणाऱ्या ऐकीव गोष्टींत आहे. त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेते. ज्या दोघांची तब्येत थांबण्यासारखी नव्हती, त्यांना उत्तर आधीच थेट कळवलं आहे. बाकीच्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं की तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत.

प्रश्न : बटाटा चालतो की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

चालतो. उकडून किंवा भाजून खा, तळून नको. मधुमेह असेल तर किती खायचा ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

प्रश्न : धान्यात आणि कडधान्यांत लेक्टिन नावाचं विष असतं, आपल्या पूर्वजांनी ते कधी खाल्लंच नव्हतं, असं आमच्या चॅलेंजच्या ग्रुपवर सांगतात. हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं पसरतं. राजम्याच्या दाण्यांतलं लेक्टिन त्रासदायक असतं. दाणे कच्चे किंवा अर्धकच्चे खाल्ले तर काही तासांत उलट्या आणि जुलाब होतात. पण पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळले की ते लेक्टिन निकामी होतं. स्लो कुकरच्या मंद आचेवर राजमा शिजवू नका, तिथे तापमान पुरेसं चढत नाही. नीट शिजवलेल्या डाळीला विष म्हणणं चूक आहे.

आता पूर्वज. इस्राएलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाची जागा आहे. सुमारे २३,००० वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या माणसांनी रानटी जव आणि गहू गोळा केल्याचे अवशेष तिथे सापडले आहेत, आणि धान्य वाटायच्या दगडावर पिष्टाचे (स्टार्चचे) कणही. शेती सुरू झाली ती त्यानंतर दहा-बारा हजार वर्षांनी. म्हणजे अश्मयुगातली माणसं मिळेल तिथे धान्य खात होती. शिवाय बर्फाळ प्रदेशातल्या माणसाचं आणि समुद्रकाठच्या माणसाचं ताट एकसारखं असणं शक्यच नव्हतं.

१९८५ साली ईटन आणि कॉनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अश्मयुगीन आहाराबद्दल लेख लिहिला, तिथून हा विचार वैद्यकात गंभीरपणे घेतला जाऊ लागला. आपलं शरीर आणि आपलं आजचं खाणं यांचा मेळ बसत नाही, हा त्यातला मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे. तुमची तब्येत चांगली असेल आणि महिनाभर धान्य सोडून पाहायचं असेल तर पाहा. फक्त भीतीपोटी सोडू नका.

प्रश्न : साखर बंद आहे, पण मध आणि खजूर चालतात ना?

तीही साखरच. खजुरात थोडे तंतू असतात, इतकाच फरक. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका.

प्रश्न : पहिल्या आठवड्यात अडीच किलो वजन उतरलं. त्यानंतर दोन आठवडे काटा हललेला नाही. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. पिष्ट कमी झालं की स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरलं जातं, आणि ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी शरीराबाहेर जातं. पहिल्या आठवड्यातलं बरंचसं वजन हे पाणी असतं. चरबी त्या वेगाने जळत नाही. नेमक्या याच आठवड्याचे ‘आधी-नंतर’चे फोटो जाहिरातीत वापरले जातात, त्याचा मला राग येतो, कारण पुढचे आठवडे लोक स्वतःला दोष देत बसतात.

स्वीडनमध्ये पाळी बंद झालेल्या जाड स्त्रियांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाचं वजन तुलनेतल्या गटापेक्षा जास्त उतरलं होतं. दोन वर्षांनी दोन्ही गटांतला फरक ठळक राहिला नव्हता. कमरेचा घेर मोजा, झोप कशी लागते ते पाहा, आणि महिनाअखेर वजन करा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. चॅलेंजच्या दहाव्या दिवशी उपाशीपोटी साखर ९८ आली. ट्रेनर म्हणतात, आता गोळ्या सोडायला हरकत नाही. हे रोज पहाटे काही न खाता तासभर पळतात. परवा पळून आल्यावर हात थरथरत होते आणि दरदरून घाम आला होता. चॅलेंज संपलं की डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं आहे.

चॅलेंज संपेपर्यंत थांबायचं नाही. हे वाचताय त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

हात थरथरणं आणि घाम फुटणं ही साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत. व्यायामाचा थकवा म्हणून ती सोडून देऊ नका. काय घडलं ते समजून घ्या. धान्य बंद केल्यामुळे साखर कमी झाली. पळण्यामुळे आणखी कमी झाली. आणि गोळ्यांचा डोस मात्र पूर्वीच्या जेवणाला धरून दिलेला होता, तो तसाच राहिला. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत, त्या आपलं काम करत राहतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर इतकी खाली जाणं विरळ. म्हणून डबीवर लिहिलेलं नाव वाचून डॉक्टरांना सांगा, ‘साखरेची पांढरी गोळी’ असं सांगून भागत नाही.

साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणं दिसली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा द्या. त्या वेळी पॅलिओचे नियम बाजूला ठेवायचे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. भरपूर व्यायाम झालेल्या दिवशी साखर रात्री झोपेतही उतरू शकते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

आता दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, त्या घेताना पिष्ट फार कमी केलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) साठून आम्लता वाढू शकते. इथला धोका असा की अशा वेळी मीटरवर साखर जवळजवळ नॉर्मल दिसू शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, कधी नव्हे इतका थकवा जाणवला तर मीटरच्या आकड्यावर विसंबून घरी बसू नका. हॉस्पिटलमध्ये जा आणि कोणती गोळी चालू आहे ते पहिल्याच वाक्यात सांगा. ‘शरीराला नव्या आहाराची सवय होतेय, दोन दिवस अंग मोडून येतंच’ असं ग्रुपवर कुणीतरी म्हणतं आणि माणूस दोन दिवस थांबतो. ते दोन दिवस जिवावर बेतू शकतात.

राहिला ट्रेनरचा सल्ला. ९८ हा आकडा गोळ्या चालू असताना आलेला आहे, त्यावरून गोळ्यांशिवाय काय होईल ते कळत नाही. एचबीए१सी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, दहा दिवसांत निकाल लावता येत नाही. तुमच्या नवऱ्याच्या गोळ्या खरोखर कमी होऊ शकतात, आणि झाल्या तर मला फार आनंद होईल. पण कोणती, किती आणि कधी कमी करायची हे डॉक्टर ठरवतील. बैठका कशा काढायच्या ते ट्रेनरला जरूर विचारा, डोस विचारू नका. इतक्या वर्षांच्या मधुमेहात डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासल्याशिवाय जोराचा व्यायाम वाढवणंही बरोबर नाही. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पळणं थांबवा, जेवून झाल्यावर चाला.

हेच रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना लागू आहे. मीठ आणि वजन दोन्ही कमी झालं की उठताना चक्कर येऊ शकते. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी एकदम ढीगभर पालेभाजी सुरू केली तर औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. यातलं काहीही तुम्हाला असेल तर चॅलेंजचा पहिला दिवस डॉक्टरांच्या भेटीनंतर येतो.

प्रश्न : रविवारी शिजवलेलं चिकन फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं का?

तीन ते चार दिवस. बाकीचं शिजवल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका, आणि खाताना आतपर्यंत वाफाळेल असं गरम करा.

प्रश्न : गहू बंद केल्यापासून पोट फुगणं थांबलं. म्हणजे मला ग्लुटेनची ॲलर्जी आहे. आता आयुष्यभर बंद ठेवू ना?

पोटाला आराम पडला ही चांगली गोष्ट आहे, पण निदान अजून झालेलं नाही. सीलिॲक आजार (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणं), गव्हाची ॲलर्जी आणि गव्हातल्या फ्रुक्टान या कर्बोदकामुळे होणारा वायू या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिॲकची रक्ततपासणी ग्लुटेन पोटात जात असतानाच करायची असते. ते बंद केल्यावर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. मग डॉक्टर काही आठवडे पुन्हा गहू खायला लावतात, आणि तोवर पोटाला बरं वाटू लागलेल्या माणसाला ते नकोसं होतं.

नक्की कळण्याची गरज काय, असं विचाराल. सीलिॲक असेल तर पथ्य कणभरही न मोडता जन्मभर पाळावं लागतं, रक्तातलं लोह आणि हाडं तपासावी लागतात, आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते. नसेल तर इतकं बंधन विनाकारण. पोटविकारतज्ज्ञांना भेटा. आणि ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही पण पोटाचा त्रास जुना आहे, त्यांनी तपासणी आधी करावी.

प्रश्न : आमच्या चॅलेंजमध्ये पॅलिओ बार, प्रोटीन पावडर आणि डिटॉक्स चहा यांचा संच घेणं बंधनकारक आहे. घेऊ का?

नको. घरी रांधून खा असं सांगणाऱ्याने पाकिटं विकावीत, यातच सगळं आलं. बारच्या मागची यादी वाचा, जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहिलेला असतो. पहिल्या तिनांत खजुराचा गर, मध किंवा नारळाची साखर दिसली तर ती मिठाईच आहे. ‘डिटॉक्स’ चहात बरेचदा सोनामुखी असते, म्हणजे रेचक. त्याने शौचाला होतं, चरबी जात नाही. सक्ती करणारा चॅलेंज सोडून द्या, भाजी आणि अंडी आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : वय ५३. दूध-दही बंद केलं आहे आणि साध्या मिठाऐवजी गुलाबी मीठ वापरते. थायरॉइडची गोळी चालू आहे. कॅल्शियमची गोळी सुरू करू का?

मनाने नको. तुमच्या वयाला रोज १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. काट्यासकट खाता येणारे छोटे मासे आणि तीळ यांतून बरंच मिळतं, पालकातलं मात्र शरीराला फारसं लागू पडत नाही. कमी पडलं तर गोळी डॉक्टर ठरवतील, आणि ती थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायची, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही. गुलाबी मिठात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. वर सांगितलेल्या स्वीडनच्या प्रयोगातही पॅलिओ गटात आयोडीनची कमतरता दिसली होती. थोडंच वापरा, पण आयोडीनयुक्त मीठ वापरा. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांकडे वळू नका, त्यांतून आयोडीन बेसुमार जातं आणि तेही थायरॉइडला घातक.

प्रश्न : वर्षानुवर्षं व्यायाम नव्हता. पहिल्याच दिवशी ग्रुपसोबत दोनशे बैठका काढल्या. आता मांड्या सुजून कडक झाल्या आहेत आणि लघवी काळ्या चहासारखी होते. पाणी भरपूर पितोय. अजून एक-दोन दिवस वाट पाहू?

नाही. आजच हॉस्पिटलमध्ये जा. स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरले की मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. रक्तातलं सीके (स्नायूंतून येणारं एन्झाइम) आणि क्रिएटिनिन तपासावं लागेल, कदाचित सलाइनही. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, ती मूत्रपिंडावर आणखी भार टाकते.

इतरांसाठी : नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखतं, ते साहजिक आहे. लघवीचा रंग गडद होणं साहजिक नाही. पहिल्या आठवड्यात चाला आणि थोड्याच बैठका काढा, मग हळूहळू वाढवा. पिष्ट कमी केलेलं असताना पहिले काही दिवस दम लवकर लागतो, व्यायामाआधी एखादं रताळं किंवा केळं खा.

प्रश्न : मी मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. पॅलिओ कसं करू?

करू नका. डाळी आणि दूध दोन्ही काढल्यावर प्रथिनांना आधार उरत नाही. साखर आणि पाकिटं सोडा, डाळी आणि दूध ठेवा. बी१२ तपासून घ्या.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीलाही सोबत घ्यावं का? ती थोडी जाड आहे.

चॅलेंजमध्ये नको. वाढत्या वयात दूध, डाळी, धान्य एकदम काढू नयेत. स्वयंपाकात आणि खेळात जरूर सोबत घ्या. वजनाची काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांना वाढीचा तक्ता दाखवा, आणि ‘जाड’ हा शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका.

प्रश्न : तीस दिवस पूर्ण झाले. आता सगळं एकदम सुरू केलं तर चालेल?

एकेक करून सुरू करा. आधी डाळी, तीन दिवसांनी दूध, आणखी तीन दिवसांनी धान्य, म्हणजे त्रास झालाच तर कशाने ते कळेल. आणि चॅलेंजच्या काळात डॉक्टरांनी साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कमी केल्या असतील, तर धान्य आणि मीठ पूर्ववत करण्याआधी त्यांना कळवा. डोस पुन्हा बदलावा लागेल.