चेहरा ‘स्थितप्रज्ञ’ असू शकतो का?

प्रश्न असा आला: ‘पराभव समोर दिसत असतानाही कर्णधाराचा चेहरा स्थितप्रज्ञ होता’, हे वाक्य बरोबर आहे का? आणि स्थितप्रज्ञ म्हणजेच निर्विकार ना?

मला विचाराल तर वाक्य चुकलंय. स्थितप्रज्ञ हा बहुव्रीही समास: स्थित आहे प्रज्ञा ज्याची तो. चेहऱ्याला कुठली आलीय प्रज्ञा? कर्णधार स्थितप्रज्ञ असेल, चेहरा फार तर निर्विकार. विकार म्हणजे बदल. तो चेहऱ्यावर दिसला नाही, एवढंच ‘निर्विकार’ सांगतो. आत काय चाललंय, याची तो हमी देत नाही.

गंमत म्हणजे खुद्द अर्जुनाचा प्रश्नही बाहेरचाच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो विचारतो, ‘स्थितधीः किं प्रभाषेत किमासीत व्रजेत किम्’, म्हणजे असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? उत्तरात पुढचे 18 श्लोक येतात, पण बोलण्याबसण्याची ढब त्यांत जवळजवळ नाहीच. सगळी लक्षणं आतली: दुःखात मन उद्विग्न नाही, सुखाची हाव नाही, राग (म्हणजे इथे आसक्ती), भय, क्रोध गेलेले. त्यातच कासवाचा दृष्टान्त आहे. कासव अवयव आत ओढून घेतं, म्हणजे ते त्याला असतात! स्थितप्रज्ञ आणि दगड यांच्यातला फरक तिथेच कळतो. ज्याला काही वाटतच नाही त्याच्यासाठी आपल्याकडे ‘ढिम्म’ हा झकास शब्द आहे, तो वापरावा.

‘उदासीन’चं मात्र वाईट वाटतं. बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण आहे: उद् + आसीन, बाजूला, पक्षपाताच्या पलीकडे बसलेला. आज ‘प्रशासन उदासीन’ म्हटलं की ती तक्रारच असते.

स्थितप्रज्ञही हळूहळू त्याच वाटेने निघालाय. ‘दूध उतू गेलं, गॅस विझला, तरी हे आपले स्थितप्रज्ञ!’ हा टोमणा मला चालतो, उलट आवडतो. शब्दाची उंची ऐकणाऱ्याला ठाऊक असते म्हणूनच तो लागतो. बातमीत सरळ चेहऱ्याने तेच लिहिलं की खटकतं.

लिहिताना ‘स्थित प्रज्ञ’ असं तोडू नये. ‘स्थिरप्रज्ञ’ही कानावर येतं. अर्थ जुळतो, पण रूढ शब्द ‘स्थितप्रज्ञ’च. लिंग-वचनाने तो बदलत नाही: स्थितप्रज्ञ आजी, स्थितप्रज्ञ माणसं. भाववाचक नाम स्थितप्रज्ञता.