क्षारपड सखल रानात भात कसं वाढवायचं, जिप्सम किती टाकायचं?

तुमचं दोन एकर सखल रान क्षारपड झालंय, भात निम्म्यावर आलंय आणि जिप्सम किती टाकायचं, वाण कोणतं लावायचं, असं तुम्ही विचारलंय. जिप्समचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं रान शिरोळ तालुक्यात. वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून सोडून खालच्या तीस गुंठ्यांत मीठ फुटलं. हिवाळ्यात सकाळी बघावं तर पीठ सांडल्यागत पांढरं, आणि मधेमधे काळपट, तेलकट डाग. ऊस येईना म्हणून भात लावलं. पंधरा दिवसांत पानांचे शेंडे पांढरे पडले, फुटवेच येईनात. मी म्हणालो, ओढ्यापर्यंत चर काढूया. थोरले चुलते, आमचे तात्या, म्हणाले, "चरीत दोन गुंठे घालवायचे? जिप्सम टाक, मीठ मरतंय." घरात त्यांचाच शब्द चालायचा. ट्रॉली आणून विस्कटली, चिखलणी केली, पाणी कोंडलं. चार दिवस झाले तरी पाणी गढूळच, मुरायचं नावच नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. तीस गुंठ्यांत भात निघालं सहा पोती.

मीठ मरत नसतं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं, एवढंच. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही, तर ऊन पडल्यावर पुन्हा वर येतो. हे मी तात्यांना तेव्हाही सांगत होतो.

तिसऱ्या वर्षी शेजारचे तिघे तयार झाले म्हणून जमलं. एकट्याचं पाणी ओढ्याला जाणार कुठून? चार फूट खोल सच्छिद्र पाईप घातले, ओढ्यात तोंड काढलं. पहिल्या दिवशी पाईपातून आलेलं पाणी मी जिभेला लावून बघितलं, खारट होतं. त्या पाण्याकडे बघत मी तासभर तिथंच बसलो. मग जिप्सम टाकलं, हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून दीड महिन्यानं गाडला आणि भात लावलं. सोळा पोती झाली. तात्या बांधावर आले, ओंबी हातात धरून बघितली आणि काही न बोलता गेले.

वाणाचं म्हणाल तर चोपण रानाला, म्हणजे मातीला सोडियम चिकटून बसलेल्या रानाला, कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं सीएसआर 36 आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची वाणं कोकणातल्या खाऱ्या जमिनीसाठी काढलेली आहेत, ती आपल्याकडं आधी दोन-चार गुंठ्यांत लावून बघा. तरवा (रोप) कोवळा लावू नका, तीस-पस्तीस दिवसांचा घ्या, एका चुडात तीन-चार काड्या लावा. एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या. लावण झाल्यावर आणि फुलोऱ्यात भाताला मीठ सोसत नाही, तेव्हा गोडं पाणी हवंच. बोअरचं पाणी तपासल्याशिवाय देऊ नका.

एक सांगायचं राहिलं. जिप्सम सगळ्यांनाच लागत नाही. सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलेल्या चोपण रानालाच लागतं. नुसत्या खारवट रानाला निचरा आणि गोडं पाणी पुरतं. किती टाकायचं ते माती तपासूनच ठरवा, माझा आकडा तुम्हाला चालायचा नाही.

आणि चरीला जागा द्यायला घरात कुणी अडून बसलं असेल, तर वाद घालू नका. उन्हाळ्यात रानात मधोमध तीन फुटांचा खड्डा काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हाताला धरून तिथं न्या, आत साठलेलं पाणी दाखवा. मी हे तेव्हा केलं असतं, तर आमची दोन वर्षं गेली नसती.