अलीकडचे कोणते चित्रपट आवडले, कोणते खटकले? माझ्या कानांत राहिलेल्यांबद्दल सांगते

तुम्ही विचारलंय, "गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या चित्रपटांपैकी तुम्हाला मनापासून कोणते आवडले, कोणते खटकले, आणि का?" मी भाषा बघून चित्रपट निवडत नाही, त्यामुळे उत्तरात मराठी, मल्याळम, फ्रेंच, जर्मन सगळं येईल. शेवट शक्यतो फोडत नाही.

आठवतील तशी नावं कागदावर लिहून काढली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. जे चित्रपट अजून पाठ सोडत नाहीत, ते मला आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. खटकलेल्यांची नावं काढली, तर तिथेही तक्रार बहुतेक कानाचीच निघाली. म्हणून त्याच अंगाने लिहिते.

आधी 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. तिशीतला आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील जातात, दहा दिवसांच्या सुतकासाठी त्याला गावी राहावं लागतं, आणि तिथे लहानपणचा मित्र बाल्या पुन्हा भेटतो. एवढीच गोष्ट. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कमी आहे असं नाही, मुळात नाहीच.

हे वाचायला साधं वाटतं, पण याचा परिणाम काय होतो ते सांगते. नातेवाईक आनंदला लग्नाबद्दल विचारतात. एरवी अशा प्रसंगाखाली एखादं व्हायोलिन सुरू होतं, आणि आपल्याला कळतं की आता वाईट वाटून घ्यायचंय. इथे तसं कुणी सांगत नाही. विचारणारा थांबतो, आनंद काही बोलत नाही, कॅमेराही जागचा हलत नाही. मग आपणच त्याचा चेहरा वाचू लागतो. भूषण मनोजने हे मौन फार ताकदीने पेललंय, आणि जयश्री जगताप यांनी केलेली आई तर मला अजून दिसते: मुलाबद्दल सगळं ठाऊक असलेली, आणि चार माणसांत त्याला सांभाळून घेणारी. मी पाहिला तेव्हा सुरुवातीला पुढच्या रांगेत दोन-तीन मोबाइल चमकत होते. अर्ध्या तासाने एकही नव्हता. शांत चित्रपटाला प्रेक्षक टिकत नाही, हे ज्यांना ठामपणे वाटतं त्यांनी तेव्हा थिएटरात असायला हवं होतं.

याच्या अगदी उलट टोकाला, पण माझ्या मनात याच्या शेजारी, 'द झोन ऑफ इंटरेस्ट' आहे. जोनाथन ग्लेझर यांचा २०२३ चा चित्रपट. आउशवित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात बायकामुलांसह राहतो. बायकोला बागेचा षोक. फुलं, मुलांचं पोहणं, पाहुणे, जेवणं. भिंतीपलीकडचं आपल्याला काही दाखवलं जात नाही, पण ऐकू सगळं येतं. दूरवर गोळी सुटते, कुणी ओरडतं, भट्टीची धडधड अखंड चालू असते. सुरुवातीला बराच वेळ पडदा नुसता काळा राहतो आणि मिका लेव्ही यांचं संगीत वाजतं. आता कान उघडे ठेवून बसा, असं दिग्दर्शक तिथेच सांगून टाकतो.

घरात कॅमेरे लपवून ठेवले होते आणि चित्रीकरण चालू असताना खोलीत तंत्रज्ञ नसायचे. त्यामुळे ती माणसं अभिनय करताहेत असं वाटतच नाही. आपण खिडकीतून कुणाचा तरी संसार बघतोय असं वाटतं. ध्वनीचं काम पाहणाऱ्या जॉनी बर्न यांनी चित्रीकरणाच्या आधी साक्षी आणि कागदपत्रं वाचून जवळपास ६०० पानांचं टिपण तयार केलं होतं. म्हणजे तो प्रत्येक आवाज कुठून आणि किती अंतरावरून येईल याचा हिशोब आहे. आणि भयंकर गोष्ट अशी की अर्ध्या तासाने तो आवाज मला ऐकू येईनासा झाला होता. सवय झाली होती. ते लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. ह्योस कुटुंबाला तो आवाज कसा चालतो, या प्रश्नाचं उत्तर चित्रपटाने माझ्याच कानांकडून काढून घेतलं होतं.

मार्च २०२४ मध्ये ऑस्करचा ध्वनीचा पुरस्कार याच चित्रपटाला गेला, समोर अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा, ख्रिस्तोफर नोलन यांचा 'ऑपेनहायमर' असताना. 'ऑपेनहायमर'ने त्या रात्री सात पुरस्कार नेले, पण हा नाही. मला तो निकाल मनापासून पटला.

'ऑपेनहायमर' मला आवडला की नाही, हे एका शब्दात सांगता येत नाही. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी चाचणीचा, म्हणजे पहिल्या अणुस्फोटाचा प्रसंग अप्रतिम आहे. स्फोट दिसतो आणि आवाज नसतो. हे विज्ञानालाही धरून आहे: निरीक्षणाचे आडोसे स्फोटापासून सुमारे ९ किलोमीटरवर होते, प्रकाश तिथे तत्क्षणी पोचतो, आणि आवाजाला २५ सेकंदांहून अधिक लागतात. त्या शांततेत नुसते श्वास ऐकू येतात. मग धक्का बसतो. दुसरी जागा हिरोशिमानंतरच्या भाषणाची. पाय आपटण्याचा एक आवाज चित्रपटात आधीपासून मधूनमधून येत असतो आणि तो कशाचा हे कळत नाही. या भाषणाच्या वेळी कळतं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी जल्लोषाचा आवाज गायब केलाय. माणसं टाळ्या वाजवताना दिसतात, पण ऐकू येत नाहीत. एवढी जाण असलेल्या दिग्दर्शकाने तीन तासांतल्या उरलेल्या वेळात संगीताला दम का घेऊ दिला नाही, हे मला उमगत नाही. लुडविग गोरान्सन यांचं संगीत स्वतंत्रपणे ऐकायला सुंदर आहे. पण दोन माणसं टेबलाशी बसून सुनावणीबद्दल बोलताहेत आणि खाली व्हायोलिनं अशी धावताहेत, जणू इमारतीला आग लागलीय. कित्येक संवाद मला दुसऱ्यांदा, सबटायटल्स लावून पाहिल्यावर कळले. माझ्या भावाचं म्हणणं, ती घाई ऑपेनहायमरच्या डोक्यातली आहे. असेल. पण मग ट्रिनिटीची शांतता आणखी खोल गेली असती, तिच्या आधी थोडी उसंत मिळाली असती तर.

आता 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल'. 'झोन'मध्ये ह्योसची बायको झालेली सांड्रा ह्युलर इथेही प्रमुख भूमिकेत आहे. २०२३ च्या फ्रान्समधल्या कान (Cannes) चित्रपट महोत्सवात याला पाल्म द'ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि 'झोन'ला त्याखालोखालचं ग्राँ प्री. एका वर्षात एकाच अभिनेत्रीचे असे दोन चित्रपट! जस्टिन त्रिए यांचा हा चित्रपट वरवर कोर्टाचा आहे. बर्फातल्या घराच्या वरच्या मजल्यावरून पडून नवरा मरतो; बायकोने ढकललं की त्याने स्वतः उडी मारली? मुलाला नीट दिसत नाही. म्हणजे मुख्य साक्षीदाराची भिस्त कानांवर. सुरुवातीला नवरा वरच्या मजल्यावर एकच गाणं मोठ्याने, पुन्हा पुन्हा लावतो, इतकं की खाली चाललेली मुलाखत सोडून द्यावी लागते. पुढे तेच गाणं पुरावा होतं: त्या गोंगाटात मुलाला बाहेरून आईबापांचं बोलणं ऐकू आलं असेल का, हे पोलीस घरी जाऊन तपासून बघतात.

आणि मग ते भांडण. नवऱ्याने गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात वाजवतात. पडद्यावर आपल्याला स्वयंपाकघर दिसू लागतं, दोघं दिसतात, वेळ कुणाला मिळतो, कुणी कुणासाठी काय सोडलं, यावरून जुंपते. मी लग्नाबद्दलचा इतका प्रामाणिक प्रसंग फार क्वचित पाहिलाय; दोघंही बरोबर आहेत आणि दोघंही एकमेकांना ओरबाडताहेत. भांडण हातघाईवर येतं आणि त्या क्षणी चित्र कोर्टात परत येतं. पुढचं फक्त ऐकू येतं. काच फुटते, कुणीतरी कुणाला तरी मारतं. कुणी, कुणाला? आपण डोळ्यांनी पाहिलंय असं आपल्याला वाटत होतं आणि प्रत्यक्षात आपल्याही हातात तेवढंच रेकॉर्डिंग आहे. पटकथेचं ऑस्कर त्या एका जागेसाठी दिलं असतं तरी मी हरकत घेतली नसती.

परदेशी चित्रपटांबद्दल एवढं पुरे. 'मंजुम्मल बॉइज' या मल्याळम चित्रपटाबद्दल लिहिलं नाही तर उत्तर अपुरं राहील, कारण इथे माझा सगळा युक्तिवाद उलटा होतो. हा चित्रपट गाण्यावर उभा आहे आणि तरी मी त्यावर जीव टाकते. फेब्रुवारी २०२४, दिग्दर्शक चिदंबरम, गोष्ट २००६ मधल्या खऱ्या घटनेवरची. कोचीजवळची मित्रमंडळी कोडाईकनालला जातात आणि गुणा गुहेत त्यांतला एकजण खोल भोकात पडतो. त्या गुहेला हे नावच मुळी कमल हासनच्या १९९१ च्या तमिळ चित्रपटावरून मिळालं. इळैयराजांचं त्यातलं गाणं सुरुवातीच्या श्रेयनामावलीवर वाजतं, तेव्हा आपण ते आठवणींचा गोडवा म्हणून ऐकतो. मग चित्रपट ते काढून घेतो. मित्र भोकाच्या तोंडाशी पडून खाली हाका मारतात. उत्तर येत नाही. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. पाऊस सुरू होतो, पाणी भोकाकडे वाहू लागतं आणि पोरं अंग टाकून ते अडवू पाहतात. या सगळ्या वेळात गाण्याचा मागमूस नाही. ते परत येतं तेव्हा आपण त्याच्यासाठी तहानलेले असतो. मूळ गाणं एका वेड्या प्रेमाचं. इथे तेच शब्द दोराने बांधलेल्या दोन मित्रांचे होतात. मला तमिळ येत नाही, तरी रडू आवरलं नाही. तेव्हा कळलं की माझं भांडण संगीताशी नाही. सतत वाजणाऱ्या संगीताशी आहे.

'स्थळ'बद्दल थोडक्यात. जयंत दिगंबर सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतेक तिथल्याच माणसांना घेऊन केला. सविताला शिकायचंय आणि घरात तिला बघायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येक कार्यक्रमात ती तशीच येऊन बसते आणि तेच प्रश्न येतात: नाव, शिक्षण, उंची. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते प्रश्न मला मंत्रासारखे पाठ झाले होते आणि त्यांतला अपमान नेमका त्या पाठ होण्यात होता. नंदिनी चिकटेचा चेहरा प्रत्येक वेळी थोडा थोडा बंद होत जातो, ते बघा.

पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (कान २०२४ चं ग्राँ प्री; कानच्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी आलेला भारतीय चित्रपट) मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसांच्या आवाजांनी सुरू होतो. मल्याळम, हिंदी, मराठी एकमेकांत मिसळत राहतात, मधून लोकल जाते. मग गोष्ट कोकणात समुद्रकाठी जाते आणि शहराचा तो गजर थांबतो, तेव्हा गोष्टीतल्या तिघी बायका आणि आपण एकदमच सैल होतो. उत्तरार्धातला एक स्वप्नवत प्रसंग पहिल्यांदा मला अजिबात रुचला नव्हता, उगाच कोड्यात बोलल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा पाहताना मी त्या तिघींतल्या प्रभाच्या आवाजाकडे लक्ष दिलं. इतका वेळ गिळलेलं ती तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलते. आता तो प्रसंग मला हवासा वाटतो. आणि छाया कदम! त्याच वर्षी 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे स्टेशनवरची मंजू माई झाल्या, इथे घर सुटू लागलेली पार्वती. आवाजातली जरब तीच, पण दोन्ही बायका पूर्ण वेगळ्या.

खटकलेलं सांगायचं तर 'दशावतार'. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण त्यावर माझं प्रेमही आहे. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री म्हणून समोर येतात आणि आपण हात जोडतो. नजर अधू होत चाललेला बाप आणि त्याची काळजी करणारा मुलगा, हा पूर्वार्ध मी पुन्हा पुन्हा बघेन. उत्तरार्धात मात्र पार्श्वसंगीत चढतं आणि उतरतच नाही. ज्या नटाच्या एका पापणीच्या हालचालीत सगळं आहे, त्याच्याखाली एवढं वाजवायची गरज नव्हती.

बाकी मोठ्या मारधाडपटांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण दोष कुणा एकाचा नाही. नायक मान वळवतो, चित्र संथ होतं, ढोल कोसळतो. खलनायक येतो, पुन्हा तेच. दहाव्या वेळी ढोल कोसळतो तेव्हा त्याचा अर्थ उरलेला नसतो. मी असे चित्रपट हौसेने बघणारी आहे, म्हणूनच सांगते.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल, तर 'मंजुम्मल बॉइज' चार माणसांबरोबर बघा आणि 'साबर बोंडं' एकट्याने. 'झोन' घरी बघणार असाल तर हेडफोन लावा, नाहीतर अर्धा चित्रपट हातातून जाईल. आणि 'ॲनाटॉमी'त ते रेकॉर्डिंग सुरू होईल तेव्हा आवाज वाढवू नका, आहे तेवढाच ठेवा. कोर्टात बसलेल्यांनाही तेवढंच ऐकू येतंय.